एका पत्त्यावर दोघे

हॅलो?… हो सूनबाई, दुकानातूनच बोलतेय. बरं झालं तूच फोन केलास. अगं, बिलाचा नवा प्रिंटर सकाळपासून मुका बसलाय! एक बिल निघेल तर शपथ… नाही, वायर लावली ना मी. त्या दिवेवाल्या डब्यात… हं, स्विच. स्विचच म्हणते. सगळ्यांच्या वायरी त्यातच तर आहेत. हा टेबलावरचा फोनसुद्धा.

अहो काका, दोन मिनिटं हं, खोकल्याचंच औषध ना, देते!… तुला नाही गं, गिऱ्हाईक आहे. तू बोल.

पत्ता? प्रिंटरला कसला पत्ता?… हं… हं… म्हणजे डब्यावरच्या प्रत्येकाला आपापला नंबर. तुझं कामच ते, तुला ठाऊक. काल तो मशीनवाला काहीतरी घालून गेलाय… थांब, चष्मा लावते… शेवटी बारा आहे.

काय झालं?

आधीच कुणाला तरी दिलेला आहे? कुणाला?…

हो. त्याचाच असणार. आतल्या टेबलावरचा… चालू आहे. मीच करते. दुकान उघडलं की आधी त्याचा कॉम्प्युटर लावते… अगं, काम काहीच नाही. त्याचा पंखा घरघरतो ना, तो आत बसलाय असं वाटतं. माझ्या हातांनी शेवटचा निरोप दिला पोराला, तरी वाटतं… रडू नकोस. हे बघ, मी रडतेय का?

म्हणजे एका पत्त्यावर दोघं बसले की दोघंही अडतात, असंच ना?… मग प्रिंटरला दे की दुसरा!… पासवर्ड घालून गेला होय तो मेला मशीनवाला!… मग त्याच्या कॉम्प्युटरचाच बदलायचा? वीस?… नको गं. बारा त्याने का घेतला, माहितेय ना तुला? तुमच्या लग्नाची तारीख. मला म्हणाला, आई, ही विसरलो तर ती घरात घेणार नाही मला.

हॅलो?… अगं बोल ना… काय सांगायचंय?… हो, हो… अगं ऐक ना, ऐक तर! कळलंय मला. "ऑफिसातला एक जण" म्हणालीस की आवाजच बदलतो तुझा. सासू आहे मी, बहिरी नाही… परवानगी कसली मागतेस? चांगला आहे ना? आरडाओरडा नाही ना करत?… मग झालं तर. कर लग्न.

वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? काळीज तुटतंय माझं. पण तू काय जन्मभर तिथेच अडून बसणार?

वीसबीस काही नको. त्याची वायर काढते मी. बारा प्रिंटरला राहू दे… पंखा फिरेल ना तरी?… फिरेल? मग बरं. निळी त्याची, हिरवी फोनची. हिरवीला हात लावायचा नाही. कळलं गं, दहादा काय सांगतेस!

पण एक विचारू?… त्या घरी गेल्यावरही मला आई म्हणशील ना?… थांब, थांब. लगेच नको सांगूस. आधी ओढते, मग सांग. मेलं, डोळ्यांत पाणी आलं की काही धड दिसत नाही… हीच ना… हं. ओढली.

सांग आता.

…हॅलो?

अगोबाई, ही तर हिरवी… हॅलो? म्हणशील ना गं?