बत्तीस की एकशेअठ्ठावीस

नाही, तुम्हीच सांगा, दुकानात गेल्यावर विचारायचं आपण की दुकानदाराने? मी म्हटलं, "कॅमेऱ्यात घालतात ते कार्ड द्या," तर म्हणतो, "किती जीबी?" अहो, ते ठाऊक असतं तर तुमच्या तोंडाकडे कशाला बघत बसले असते! मी शिवणकाम करणारी बाई. शर्टाला कापड किती लागेल विचारा, माणूस दारातून आत येताना बघून सांगते! पण फोटोला जीबी किती? आणि मुळात माणसाला फोटो लागतात किती?

तुम्हाला सांगते, सगळं कशापायी, तर माझा दादा आणि आमची धाकटी. सख्खी भावंडं, पण नऊ वर्षं अबोला! कशावरून बिनसलं ते आता दोघांनाही धड सांगता येत नाही, पण अबोला कडक. बाबा एक्याण्णवचे, माझ्याकडेच असतात. त्यांनी दोघांना फोन केला, "एकदा एका खोलीत बसा रे." आणि रविवारी यायला दोघंही तयार! म्हटलं, हा फोटो हवाच. नणंदेच्या मुलाने त्याचा जुना कॅमेरा दिला, कार्ड तेवढं नव्हतं.

दुकानदार म्हणतो, "सोळात तीन हजार फोटो बसतील, बत्तीसात सहा हजार…" अहो, माणसं पाच आहेत! मुलाला फोन लावला. "आई, मोठं नको, हरवलं तर सगळंच गेलं, छोटी दोन घे." ह्यांना लावला. "छोटं? आणि ऐन वेळी भरलं म्हणजे?" मागे रांगेत एक चष्मेवाले, ना ओळख ना पाळख, "बाई, मोठंच घ्या हो, आम्हाला घरी जायचंय!" घेतलं एकशेअठ्ठावीस. दुकानदार म्हणाला, "आयुष्यभर पुरेल." कोणाच्या, ते मी विचारलं नाही.

रविवार. दादा दाराशी, धाकटी खिडकीशी, मधे बाबा, आणि बोलणं सगळं बाबांमार्फत! "बाबा, त्याला विचारा, पंखा लावू का?" "बाबा, तिला सांगा, लाव." मी कॅमेरा उचलला, बटण दाबलं… कार्ड चालत नाही! नणंदेच्या मुलाला फोन. "अगं मामी, त्याला बत्तीसच्या वर झेपत नाही! कार्ड काढून टाक. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या पोटात सात फोटो मावतात."

सात! हातात एकशेअठ्ठावीस जीबी, आणि फोटो सात! आता सांगा, माणसाला फोटो लागतात किती?

पहिला आला माझ्या अंगठ्याचा. दुसरा जमिनीचा. तिसऱ्यात दादाने मान फिरवली, चौथ्यात धाकटीने, पाचवा हलला, सहाव्यात ह्यांना शिंक आली. पुसायचे कसे ते मला कुठे ठाऊक, उरला एक! मी श्वास रोखून उभी, तर बाबा म्हणाले, "मी जरा जाऊन येतो," आणि भिंत धरत धरत गेले बाथरूमला. खुर्चीला टेकवलेली त्यांची काठी घसरली, ती उचलायला दादा आणि धाकटी एकदम वाकले, आणि डोक्यावर डोकं… ठण्ण! दोघंही कपाळ चोळत. मग धाकटी म्हणाली, "दाद्या, डोकं आहे की दगड!" आणि दादा जो हसत सुटला, तिच्याच खांद्याला धरून, डोळ्यांतून पाणी! माझ्याकडून बटण आपोआप दाबलं गेलं. सातवा! काय फोटो आलाय म्हणता! फक्त… बाबा बाथरूममध्ये.

तासाभरात निघताना दारातच, "सुरुवात तूच केली होतीस." "मी? मी?" झालं! एक गेला डावीकडे, एक उजवीकडे. महिना झाला, फोन नाही.

मी कार्ड बदलून आणलं. बत्तीस. सहा हजार फोटो मावतात म्हणे. कोणाचे काढू? माणसाला फोटो लागतात किती, हे कळायला आधी माणसं तर हवीत!

बाबा मात्र तो सातवा रोज बघतात. "छान आलाय गं. सगळे आहेत."

"बाबा, तुम्ही नाही आहात त्यात!"

"मी आतून ऐकलं ना हसणं."

मी उठलेच. म्हटलं, ते काही नाही, तुमचा एक तरी हवाच, बसा नीट, कॉलर सरळ केली, खिडकी उघडली, कॅमेरा आणला, म्हटलं, बाबा, बघा इकडे… तर घोरायला लागले होते.

काढला तसाच.