चौकशीचे पोहे

एमएसडब्ल्यू करून प्रोबेशन ऑफिसर झालो खरा, पण पुढं आलेले पोहे कसे नाकारायचे ते कुणी शिकवलं नाही बघा. शिक्षा ठरवण्याआधी कोर्ट मला आरोपीच्या गावी धाडतं, माणूस कसा आहे ते विचारायला. यावेळी होता माण तालुक्यातला एक मेंढपाळ, पस्तिशीचा, बिनलग्नाचा, चराईवरून मारामारी केलेला.

शेजारी म्हणाला, "लय गुणाचं पोरगं. कोर्टाची पायरीबी ठावं न्हाई!"

तेव्हाच कळायला हवं होतं, गाव मला मुलीकडचा समजतंय.

घरी त्याच्या आईनं पोहे पुढं केले. "पोरगी किती शिकलीया?"

"मावशी, मी कोर्टातनं आलोय."

तिनं बशी आणखी पुढं सरकवली. म्हणाली, "खावा सायेब. त्येची चौकशी करायला कोनतरी पैल्यांदाच आलंय."