लाल कार्ड आणि ते अकरा शब्द

...आणि वर मलाच म्हणतात, 'रेफरी, तुम्ही जरा दुर्लक्ष करायचं होतंत.' अहो, कसलं दुर्लक्ष? तुम्हाला सांगतो, पंधरा वर्षं शिट्टी वाजवतोय मी. आंधळा, बहिरा, विकला गेलेला, सगळं ऐकून घेतलंय. त्यात आठवडाभर चष्म्याच्या दुकानात नोकरी, म्हणजे 'दुकानातला एक चष्मा स्वतःला लाव' हे तर मला 'काय, बरं आहे ना?' विचारल्यासारखं वाटतं. पण त्या दिवशी मी पेनल्टी दिली आणि तो धिप्पाड गोलकीपर धावत आला, नाकाला नाक लावलं आणि जे काही बोलला... अकरा शब्द. माझ्या डोळ्यांपासून सुरुवात केली, वडिलांवर घसरला, तिथून थेट आजोबांवर. आजोबा बिचारे जन्मात कधी फुटबॉलच्या वाटेला गेले नव्हते. काढलं मी कार्ड. लाल. आणि एकदा दाखवलं म्हणजे दाखवलं.

आता आमच्यात नंतर अहवाल लिहावा लागतो. मी पडलो सभ्य माणूस. लिहिलं, 'खेळाडूने माझ्या घराण्याविषयी प्रतिकूल मत व्यक्त केले.' तर समितीकडून कागद परत! 'नेमके शब्द लिहा. जसेच्या तसे. नाहीतर कार्ड रद्द.' रद्द? म्हणजे पुढच्या सामन्यापासून येणारा-जाणारा माझे आजोबा काढायला मोकळा? बसलो लिहायला, डाव्या हाताने कागद झाकून. तेवढ्यात बायको मागून आली, वाचलं, म्हणाली, 'अहो, हे कुणाला पाठवताय?' म्हटलं, 'समितीच्या अध्यक्षांना.' ती खुर्ची ओढून बसलीच. 'दुकानातला राग असा कुठे कुठे काढणार आहात?' अर्धा तास गेला समजवण्यात. पण पाठवला कागद. दाखवलं म्हणजे दाखवलं.

मग सुनावणी. गोलकीपर आला, केस चापूनचोपून बसवलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, आणि सोबत कोण? आई! आई म्हणते, 'माझा मुलगा घरात मोठ्याने शिंकतसुद्धा नाही.' आणि हा मान खाली घालून, 'सर, मी फक्त म्हणालो, जरा नीट बघा.' अध्यक्ष माझ्याकडे वळले. 'वाचा.' मी वाचलं, हळूच, औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचतात तसं. अध्यक्ष म्हणतात, 'यात अपमान कुठे जाणवतोय? सूर कसा होता? त्याच सुरात म्हणा.' त्याच्या आईसमोर? तो डोळ्यांनी विनवतोय, घाम मला फुटलाय, क्षणभर वाटलं, द्यावं सोडून... पण आजोबांचं काय? उठलो, अध्यक्षांच्या टेबलापाशी गेलो, नाकाला नाक लावलं आणि अकराच्या अकरा शब्द, बोट नाचवत, घसा फुटेस्तोवर. बाहेरच्या खोलीतलं टायपिंग थांबलं. आणि त्या शांततेत आई सावकाश म्हणाली, 'हे तर याच्या बाबांचं वाक्य. गाडी सुरू झाली नाही की म्हणतात.'

झालं. पुरावा घरचाच निघाला.

'कार्ड कायम,' अध्यक्ष म्हणाले. 'खेळाडूला एका सामन्याची बंदी.' मी छाती पुढे काढली. 'आणि रेफरींना दोन.' मला? कशाबद्दल? 'समितीसमोर असभ्य भाषा.' अहो, तुम्हीच म्हणालात ना, त्याच सुरात? 'सुरात म्हणा म्हणालो, अंगावर या नाही म्हणालो. माफी मागा, बंदी उठवतो.' म्हटलं, माफी नाही! माफी मागितली की ते शब्द माझे झाले. शब्द त्याचे, त्याच्या बाबांचे, फार तर त्यांच्या गाडीचे. बसतो घरी दोन सामने, हरकत नाही. फक्त एवढंच सांगा, शिवी देणाऱ्याला एक आणि मला दोन, हा कुठला न्याय?

अध्यक्ष शांतपणे म्हणाले, 'तो नुसता बोलला. तुम्ही बोललात आणि सहीनिशी लिहूनही दिलंत.'

खुर्ची सरकवली आणि निघालो. जिना उतरताना मनातल्या मनात जे म्हणालो ना, ते मात्र कोणी कितीही मागितलं तरी लिहून देणार नाही.