नत्थूजींची नाव

प्रताप नगरच्या बसथांब्यावर, रांगेत माझ्यापुढे दोन म्हातारे बोलत होते.

"नत्थूजी, दोन वर्षं अंगणात नाव बनवून राहिले होते तुम्ही. टाकली का पाण्यात?"

"काल टाकली, वामनराव. अंबाझरी तलावात."

"वहिनीबाई आल्या?"

"आली. तिचा भाऊ वैनगंगेत बुडाला, तवापासून पाण्याजवळ जात नव्हती. काठावरच बसली. मी एकटा निघालो, तर म्हणे, मलेबी घ्या."

"भ्याल्या नाही?"

"भ्याली ना. माझा दंड असा धरला, का मले वल्हवताच येईना."

"अन् नाव गळली नाही?"

"एका सांध्यातून थोडं पाणी आलं. तिनंच पदर दाबून धरला."

"मंग लगेच परतले असान?"

"मी वळवूनच राहिलो होतो. तर तीच म्हणे, त्या काठापर्यंत तर जाऊ."