उलांडीची वाटणी

कीर्तनाहून परतताना कट्ट्याच्या थांब्यावर बसले होते. तोंडात अजून अभंगच होता. मागच्या बाकावर मायलेक बोलत होती.

“सुशांत, प्रीतमाक उलांडी परत दी रे. बाजूक ता लाकूड नसला तर होडी कलंडता.”

“आये, वाटणी झाली. होडी धाकट्याक, उलांडी माका.”

“होडीशिवाय तुका तिचो उपयोग काय?”

“कायच नाय. तिच्यार कपडे सुकवतंव.”

“उद्या तो तशीच होडी घेवन दर्यात जातलो. घरात चूल पेटाक व्हयी ना.”

“जावंदे.”

“बुडालो तर?”

“वाटणी कोणी केली? तूच ना?”

“तुमी भांडा नये म्हणान केलंय रे, बाबा.”

“मगे? भांडतंव काय आमी? वरस झाला, एकमेकांशी बोललंव पण नाय.”