उत्तरायणाच्या सकाळी गच्चीला लावलेले कुलूप

नाव विश्वंभर बाळकृष्ण गुप्ते, वय ४७ वर्षे, धंदा नोकरी (कोयलीच्या बाजूला रसायनांच्या कारखान्यात अग्निशामक विभाग), राहणार मैत्री सोसायटी, निजामपुरा, बडोदे.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, बावीस माणसांना गच्चीत कोंडल्याची तक्रार शेजारी जशुभाई शाह यांनी माझ्याविरुद्ध दिली आहे. ती खरी आहे. गच्चीची किल्ली सोसायटीने माझ्याकडे दिलेली असून कुलूप मीच लावले.

दि. १४ जानेवारी १९८८ रोजी उत्तरायण असल्याने सकाळी सातपासून सर्व बिऱ्हाडे पतंग उडवायला तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत होती. त्या आठवड्यात हवेचा दाब चढा असल्याचे रेडिओवर सांगत होते. थंडी, धुके आणि वारा अगदी पडलेला. एकही पतंग चढेना, त्यामुळे सगळ्यांचे डोके आधीच फिरले होते. माझी पत्नी स्नेहलता दूध आणायला खाली गेली होती.

सव्वासातला मागच्या एका गुदामाकडून क्लोरीनचा वास आला. कठड्यावरून पाहिले तर पिवळट थर गल्लीत पसरत होता. हा वायू हवेपेक्षा जड. एरवी वारा त्याला उडवून नेतो. त्या दिवशी वरची हवा पातेल्यावरच्या झाकणासारखी बसली होती.

बायकामुलांना स्कूटरवर घालून पळतो म्हणत जशुभाई जिन्याकडे निघाले. बाकीचेही उठले. मी जिन्याचे दार लावून कुलूप घातले.

जशुभाईंनी दार तोडण्याची धमकी देत किल्ली मागितली, "चावी आपो, नहीं तो बारणुं तोडी नाखीश."

मी म्हणालो, "पवन नथी, जशुभाई. भागीने क्यां जशो?"

वारा नसताना कुठेही पळाले तरी त्या थरातूनच जावे लागेल, हे मी समजावले. त्यांनी माझी कॉलर धरली. सदऱ्याची दोन बटणे गेली, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तुमची बायको खाली आहे ना, असे जशुभाईंच्या पत्नीने विचारले. दार उघडले असते तर सगळे माझ्यामागे आले असते, म्हणून मीही उतरलो नाही. मला फार भीती वाटत होती.

साडेनवाला ऊन लागले, धुके फाटले, वारा सुटला. बंबवाल्यांनी गळती बंद केल्याचे भोंग्यावरून सांगितले. मी कुलूप काढले. कोणासही इजा नव्हती.

मी धावत दूध केंद्रावर गेलो. तेथील गच्चीत अकरा माणसे होती. दाराला कुलूप नसल्याने स्नेहलता स्वतः दारात बसली होती व कोणालाही उतरू देत नव्हती. कारखान्यातल्या गोष्टी मी रोज जेवताना सांगतो. ती ऐकत नाही, असा माझा बावीस वर्षांचा समज होता. मला पाहताच तिने विचारले, "वारा नक्की सुटलाय ना?" मी हो म्हटल्यावरच ती उठली.

तिच्याविरुद्धही कोंडल्याची तक्रार आल्यास दोन्ही प्रकरणे एकत्र चालवावीत, ही विनंती.

हा जबाब मी मराठीत सांगितला. जमादारांनी तो मला वाचून दाखवला. माझ्या सांगण्याबरहुकूम लिहिला आहे, बरोबर आहे.