नवरी नावाची अक्षरं

सारामावशी, रोह्याच्या आणि अष्टमी गावच्या मंडळींनो, माझ्याबरोबर पेणहून आलेल्यांनो,

तुम्ही मला बोलायला उभं केलंत, पण माझी मान वर होत नाही. का, ते तुमच्या प्रत्येकाच्या हातात आहे. हे रुबेनकाकांच्या शोकसभेचं कार्ड. ते मी छापून आणलं.

रुबेनकाकांचा छापखाना आपण सगळ्यांनी पाहिलाय. आमच्या कॉन्व्हेंट शाळेची प्रशस्तिपत्रं तिथेच छापून यायची. काकांकडे इंग्रजी अक्षरांचा एक जुना नक्षीदार टाइप होता. शिशाचे खिळे. प्रत्येक अक्षराला पाय, पायाच्या टोकाला वेलीसारखं वळण, जाड रेघेच्या पोटात बारीकशी पाकळी. काका त्याला 'नवरी' म्हणत. "हा 'आर' बघ," म्हणायचे, "शालू सावरून पाय टाकतोय." लग्नपत्रिका, बारशाचं आमंत्रण, सोड्याच्या बाटलीचं लेबल, आमची बक्षिसं, तिथे नवरी. तीही एका नावापुरती. "पानभर लावली तर नुसती वरात होते. वाचणार कोण?"

आणि मयताच्या कार्डावर? कधीच नाही.

माझे वडील गेले तेव्हा मीच हट्ट धरला होता. काका, त्यांचं नाव नवरीत घाला. काका म्हणाले, "नाय गो बाय. नवरीला कोणी मयताच्या घरी नेतात काय?" आणि साधे, बिननक्षीचे खिळे जुळवायला बसले.

म्हणजे मला ठाऊक होतं. मंडळी, मला ठाऊक होतं.

परवा पेणला ऑफसेटवाल्यानं संगणकावर अक्षरं दाखवली. त्यात ती दिसली. तोच पाय, तीच पाकळी. माझे डोळे भरून आले. म्हटलं, हीच. काकांचं नाव हिच्यातच हवं. त्यांचं बोलणं तेव्हा आठवलंच नाही.

आज दारात सारामावशींनी कार्ड घेतलं, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "गो, ह्यांचं दुसरं लगीन लावलंस काय?" मागचे दोघेतिघे हसले. मावशीही हसल्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. म्हटलं, मावशी, सगळी कार्डं परत गोळा करते. तर म्हणाल्या, "राहू दे गो. आमच्या पत्रिकेवर माझं नाव नवरीत होतं. ह्यांचं साध्या खिळ्यात. अक्षरं पुरली नाय, म्हणाले. आता ह्यांचं पण झालं."

मावशींनी मला सोडवलं. काकांनी सोडवलं असतं का? मला नाही वाटत. त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ धरलं असतं, माझ्याकडे पाहिलं असतं, आणि साधे खिळे जुळवायला बसले असते.

म्हणून एक विनंती. कार्ड उलटं करा. मागची बाजू कोरी आहे. ती वर ठेवून आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू या. नंतर हवं तर पुन्हा पालटा आणि काकांचं नाव डोळे भरून बघा.

तोवर नवरी दाराबाहेर थांबेल.